पाळीव प्राण्यासाठी स्वतः पैसे कमवायचेत? कामं, दर, हिशोब आणि नेहमीच्या चुका

नेहमीचा घोटाळा असा होतो. पिल्लाची किंमत विचारून यायची, तेवढे पैसे डब्यात जमवायचे आणि जमले त्याच संध्याकाळी पिल्लू घरी आणायचं. मग खाणं, लस, डॉक्टर यांत दोन महिन्यांत डबा रिकामा होतो. पुढचा खर्च आई-बाबांच्या खिशातून जायला लागतो आणि ‘सगळं मीच करीन’ हा शब्द तिथेच मोडतो. मेहनत कमी पडलेली नसते, बेरीज चुकलेली असते. प्राणी घरी आणायला जे पैसे लागतात, तो त्याच्या आयुष्यभराच्या खर्चातला लहानसा तुकडा असतो. कुणी फुकट दिलेला प्राणीसुद्धा फुकटात वाढत नाही.

खालचा क्रम साधारण १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान असाल तर प्रत्येक कामाला घरातलं मोठं माणूस सोबत हवं. टप्पे उलटसुलट करू नका. काम शोधण्याआधी हिशोब होतो आणि हिशोबाआधी प्राणी ठरतो.

१. प्राणी ठरवा आणि तीन आकडे काढा

आधी किती वर्षांची जबाबदारी घेताय ते बघा. हॅमस्टर साधारण २ ते ३ वर्षं जगतो, गिनीपिग ५ ते ८, ससा ८ ते १२, कुत्रा १० ते १३, मांजर १२ ते १८. गोल्डफिश नीट ठेवला तर १० वर्षांच्या पुढे जातो. वाडग्यात ठेवतात म्हणून तो लवकर मरतो. आज तुम्ही १२ वर्षांचे असाल, तर आज आणलेलं मांजर तुमचं कॉलेज संपल्यावरही घरात असेल. घरचे ‘विचार करू’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हेच असतं.

आता कागदावर तीन रकाने आखा.

एकदाच होणारा खर्च: प्राणी, पिंजरा किंवा टाकी, पट्टा, भांडी, अंथरूण. पिल्लू असेल तर पहिलं लसीकरणही यातच धरा. कुत्र्याच्या पिल्लाच्या लसी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर २ ते ४ आठवड्यांनी डोस असतो. म्हणजे डॉक्टरांकडे एक नाही, तीन-चार फेऱ्या. जंताचं औषध आणि नसबंदी वेगळी. हे आकडे अंदाजानं टाकू नका, घरच्या मोठ्यांना प्राण्यांच्या डॉक्टरांकडे फोन करून विचारायला सांगा.

दर महिन्याचा खर्च: खाणं, मांजराची लिटर (शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची वाळू), पिंजऱ्यात पसरायचं गवत किंवा भुसा, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या लसीचा बारावा भाग.

खाण्याच्या हिशोबात हमखास गफलत होते, म्हणून तो करून बघू. पिशवीवर वजनानुसार दिवसाचं प्रमाण छापलेलं असतं. समजा पिशवी ३ किलोची आहे आणि दिवसाला १२० ग्रॅम लागतं. ३००० भागिले १२० म्हणजे २५ दिवस. बघणारा ‘महिन्याला एक पिशवी’ असं लिहून मोकळा होतो आणि वर्षाला १२ पिशव्या धरतो. प्रत्यक्षात ३६५ भागिले २५ म्हणजे १४.६, म्हणजेच १५ पिशव्या. तीन पिशव्या हिशोबातून गायब! शिवाय पिल्लाचं आजचं प्रमाण धरू नका, मोठं झाल्यावर जेवढं वजन होईल त्या ओळीतला आकडा घ्या.

अडीअडचणीचा खर्च: डॉक्टरांची एक अचानक फेरी, तपासणी आणि औषधं. हा रकाना बहुतेक कागदांवर कोराच असतो.

तपासा: तिन्ही रकान्यांत आकडा आहे का? एक जरी कोरा असेल तर पुढे जाऊ नका.

२. घरच्यांशी लेखी ठरवा

तोंडी ‘हो’ चालत नाही, कारण सहा महिन्यांनी ते प्रत्येकाला वेगळं आठवतं. एका पानावर लिहा: एकदाचा खर्च कुणाचा, महिन्याच्या खर्चातला किती भाग तुमचा, डॉक्टरांचं मोठं बिल आलं तर काय, घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, घरात कुणाला केसांची ॲलर्जी आहे का, सुटीत सगळे बाहेर गेले तर प्राणी कुणाकडे राहणार. खाली दोघांच्या सह्या.

सगळा खर्च मीच करीन, असं लिहून देऊ नका. कुत्र्याच्या बाबतीत ते शाळकरी मुलाच्या कमाईत बसत नाही. खाणं तुमचं आणि डॉक्टर घरच्यांचा, अशी वाटणी पाळता येते. मासे किंवा हॅमस्टर असेल तर पूर्ण महिन्याचा खर्च तुम्ही उचलू शकाल.

याच पानावर घरातल्या कामांच्या दोन याद्या करा. आपलं ताट उचलणं, अंथरूण घडी करणं, दप्तर भरणं ही बिनपैशाची यादी. त्या कामांचे पैसे मागितलेत तर पहिल्याच बैठकीत बोलणी फिसकटतील, आणि ते योग्यच आहे. जी कामं एरवी मोठे करतात किंवा बाहेरून करून घेतात, तीच पगारी: कपाटं आवरणं, पंखे सोडून बाकी धूळ झटकणं, गाडी धुणं.

पालकांसाठी एक ओळ: मुलांनी पैसे घेऊन काम करण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. शेजारपाजारच्या फुटकळ मदतीपलीकडे जायचं असेल तर आधी ते बघून घ्या.

३. चौदा दिवसांची तालीम

जो प्राणी हवा आहे तो घरात आहे असं समजून १४ दिवस त्याचं वेळापत्रक पाळा. कुत्रा हवा असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ २०-२० मिनिटं बाहेर चालायला जायचं, पाऊस असो वा परीक्षा. ससा हवा असेल तर रोज त्याच वेळी २० मिनिटं साफसफाईची. दिनदर्शिकेवर खुणा करा. दोनपेक्षा जास्त दिवस चुकले तर तालीम पुन्हा पहिल्या दिवसापासून.

या तालमीचा दुसरा उपयोग असा की दिवसातला उरलेला वेळ कळतो. कामं त्या उरलेल्या वेळातच घ्यायची आहेत.

४. कामं निवडा: एकदाच्या खर्चाला एकदाचं काम, महिन्याच्या खर्चाला महिन्याचं

जुनी खेळणी विकून आलेले पैसे पिंजऱ्याला पुरतात, पण पुढच्या महिन्याच्या खाण्यासाठी विकायला खेळणी उरत नाहीत. म्हणून निदान एक काम तरी पुन्हा पुन्हा येणारं हवं. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त नियमित कामं घेऊ नका. तिसऱ्या कामाबरोबर आधीच्या दोन कामांत दांड्या सुरू होतात.

बाहेरगावी गेलेल्यांची झाडं आणि मासे

सुरुवातीला यासारखं काम नाही. वजन उचलायचं नसतं, घर ओळखीचं असतं. पण इथे नुकसान करणंही फार सोपं आहे.

१) घरचे निघायच्या आधी एकदा त्यांच्यासोबत सगळ्या कुंड्यांपाशी फिरा. कोणत्या कुंडीला किती दिवसांनी पाणी, हे कुंडीवर चिठ्ठी चिकटवून लिहा.
२) पाणी घालण्याआधी बोट २-३ सेंटिमीटर मातीत घाला. ओलसर लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. दुसऱ्याची झाडं सांभाळणाऱ्याच्या हातून ती सुकण्यापेक्षा मुळं कुजून जास्त मरतात.
३) बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाका.
४) माशांचं खाणं मालकांकडूनच रोजच्या पुड्या करून घ्या. औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी मिळते, ती यासाठी उत्तम. एका दिवशी एक कप्पा, संपलं. मासे काचेशी येऊन तोंड उघडतात, बिचारे उपाशी वाटतात आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. जास्तीचं खाणं तळाशी कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे त्यानं मरतात. निरोगी मोठा मासा एखादा दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही.
५) निघताना नळ, दिवा, दार. तिन्ही हातानं तपासा आणि घरमालकांना एक फोटो पाठवा.

सावधान: किल्लीवर नाव-पत्ता लिहू नका. घर रिकामं आहे हे मित्रांना सांगू नका.

कुत्रा फिरवणं

रोज येणारं काम आहे आणि प्राण्याची सवयही होते. मात्र कुत्रा असा हवा की त्यानं अचानक हिसका दिला तरी तुमचा तोल जाणार नाही. हे अंदाजानं ठरत नाही. पहिल्या दोन फेऱ्या मालकांसोबत मारा, लीश (पट्ट्याला अडकवायची दोरी) तुमच्या हातात आणि मालक शेजारी. समोरून दुसरा कुत्रा किंवा मांजर आल्यावर काय होतं ते त्याच वेळी दिसेल. सांभाळता आला नाही तर ‘नाही’ म्हणा, त्यात कमीपणा नाही.

दाराबाहेर पडण्यापूर्वी गळ्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघा. दोन सहज गेली तर ठीक. पूर्ण हात जात असेल तर कुत्रा मान मागे ओढून सुटेल. लीशचा फास अंगठ्यात घालून मुठीत धरा. मनगटाला किंवा बोटांना वेढे देऊ नका, जोराच्या हिसक्यानं बोट मोडू शकतं. उन्हाच्या वेळी हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील, मग फेरी ऊन उतरल्यावर. एका वेळी एकच कुत्रा. शी उचलायच्या पिशव्या दोन न्या, एक हमखास फाटते.

दोन कुत्रे भिडले तर मध्ये हात घालू नका. मालकांनी सांगितल्याशिवाय काही खायला घालू नका. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) घातलेलं च्युइंगम कुत्र्यांना विषारी असतं.

सायकल धुऊन तेलपाणी करणं

गाडी धुण्यापेक्षा हे बरं. उंची पुरते, पाणी कमी लागतं आणि घराघरांत सायकली धूळ खात पडलेल्या असतात. पण यात क्रम चुकला की काम बिघडतं. सगळ्यात जास्त चूक तेलाची.

दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. वरून खाली धूत या. चाकं आणि चेन शेवटी, म्हणजे तिथली वाळू फडक्यात अडकून रंगावर ओरखडे उठणार नाहीत. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मधोमध आणि पायडलच्या बुडाशी मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. मग सगळं कोरडं करा.

चेन जुन्या फडक्याच्या मुठीत धरा आणि पायडल उलटं फिरवत फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसा. काही लहान सायकलींना उलट्या पायडलचा ब्रेक असतो. तिथे मागचं चाक उचलून पायडल सुलट फिरवा. आता प्रत्येक कडीवर आतल्या बाजूनं एकेक थेंब तेल. शंभराच्या वर कड्या असतात, घाई करू नका. पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि मग कोरड्या फडक्यानं वरचं सगळं तेल पुसून काढा. ही शेवटची पायरी जवळपास सगळे गाळतात. ‘तेल भरपूर घातलंय’ असं कौतुकानं सांगतात आणि आठवड्यात चेनवर धुळीचा काळा राप बसतो. उपयोगी तेल कडीच्या आत मुरलेलं असतं, वर चमकणारं फक्त धूळ धरतं.

तपासा: रिमला किंवा ब्रेकच्या चकतीला तेलाचा डाग लागला नाही ना? लागला असेल तर ब्रेक धरणार नाही. सायकल परत देण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून चाक अडतं का ते बघा.

छाटून वाढवलेली रोपं

मनी प्लांटची १०-१५ सेंटिमीटरची फांदी घ्या. पानाच्या बुडाशी जो फुगीर सांधा असतो, त्याच्या जरा खाली कापा. सांध्याविना नुसतं पान पाण्यात ठेवलं तर महिनाभर हिरवं राहतं, कधी मुळंही धरतं, पण नवा कोंब कधीच फुटत नाही. सांधा पाण्यात, पानं बाहेर, पाणी दर ३-४ दिवसांनी बदला. २ ते ४ आठवड्यांत मुळं दिसतात. ती ५ सेंटिमीटर झाली की मातीत लावा आणि दोन आठवडे स्वतःकडेच ठेवा. लावल्या दिवशी विकलेलं रोप गिऱ्हाइकाच्या घरी मान टाकतं आणि पुन्हा कुणी विचारत नाही.

विकताना एक गोष्ट सांगायलाच हवी: मनी प्लांट चघळलं तर कुत्र्या-मांजरांच्या तोंडाची आग होते, लाळ गळते. ज्यांच्या घरी प्राणी आहे त्यांच्यासाठी स्पायडर प्लांटची पिल्लं वाढवा, ती त्यांना विषारी नसतात.

बाकीची कामं थोडक्यात. लहान मुलांकडून वाचन किंवा पाढे करून घेणं चांगलं चालतं, मूल दोन-तीन वर्षांनी तरी लहान असावं. आजी-आजोबांच्या वयाच्या माणसांना फोन शिकवाल तर पासवर्ड आणि ओटीपी बघायचे नाहीत, लिहून घ्यायचे नाहीत. जुनी पुस्तकं-खेळणी विकण्याआधी घरी दाखवा. तुमच्या लेखी भंगार असलेलं कुणाची तरी आठवण असतं.

ही कामं घेऊच नका: शिडीवरची, गवत कापायच्या यंत्राची, उंच खिडक्यांची आणि संडास-बाथरूम साफ करायच्या रसायनांची. ब्लीच ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळलं की विषारी वायू निघतो. अनोळखी घरात एकट्यानं शिरायचं नाही, दर कितीही चांगला असला तरी.

५. दर आधी, काम नंतर

पहिलं काम घरच्या वस्तूवर करा, घड्याळ लावून. घरची सायकल ५० मिनिटांत झाली तर लोकांची सव्वा तासात होईल असं धरा, कारण तिथे जास्त सांभाळून करावं लागतं. दर तासावर नको, कामावर ठेवा. तासावर ठेवला की हळू काम करणाऱ्याला जास्त मिळतात आणि गिऱ्हाईक घड्याळ बघत बसतं.

बोलायचं असं: "काकू, दोन सायकली धुऊन, चेनला तेल घालून देईन. एकीचे एवढे. शनिवारी सकाळी आलो तर चालेल?" यात काम, दर आणि वेळ तिन्ही आलं. ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणालात की दोघांची पंचाईत होते. कमी मिळाले तर तुम्ही नाराज. जास्त दिले तर पुढच्या वेळी त्या बोलावणार नाहीत.

दरवेळी जाण्याआधी घरी कुठे, कुणाकडे, किती वाजेपर्यंत हे सांगून जा. पैसे रोखीनं किंवा पालकांच्या खात्यावर. तारीख चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवा.

६. हिशोबाची वही

पाच रकाने: तारीख, काम, मिळाले, साहित्याचा खर्च, उरले. बेरीज फक्त शेवटच्या रकान्याची करायची. साबण, तेल, फडकी, कुंड्या यांचे पैसे घरून आले असतील तरी खर्चात लिहा, नाहीतर कमाई खोटीच मोठी दिसते.

आता पहिल्या टप्प्यातला महिन्याचा आकडा घ्या. समजा त्यातला तुमचा वाटा १००. वर्षाला १२००. पण परीक्षा, आजारपण, गाव यांत तीन महिने तरी बुडतात, म्हणून कमाईचे महिने ९ धरा. १२०० भागिले ९ म्हणजे दर कमावत्या महिन्यात साधारण १३४ हातात उरायला हवेत. सलग दोन महिने तेवढे उरत नसतील तर प्राणी लहान निवडा किंवा घरच्यांसोबतची वाटणी बदला. आणखी एक काम वाढवणं हा शेवटचा उपाय.

पैसे तीन वेगळ्या पाकिटांत ठेवा आणि याच क्रमानं भरा: एकदाचा खर्च, मग तीन महिन्यांचं खाणं, मग अडीअडचणीचं. पहिलं पाकीट भरलं की सगळ्यांचे पाय दुकानाकडे वळतात. तिन्ही भरेपर्यंत थांबा.

७. आणण्याचा क्रम

आधी सामान आणि जागा, मग डॉक्टरांची वेळ, प्राणी सगळ्यात शेवटी.

माशांच्या बाबतीत हा क्रम जीवावरचा आहे. नव्या टाकीत अमोनिया मोडणारे जिवाणू तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. फिल्टर चालू ठेवून, जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियाचा थोडा पुरवठा देत टाकी तयार करावी लागते. नुसती पाणी भरून ठेवलेली टाकी तयार होत नाही. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया मोडून बनणारं, माशांना विषारीच असलेलं द्रव्य) दोन्ही शून्य आले की मासे आणा, तेही दोन-तीनच. टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले तर पहिल्या पंधरवड्यात मासे मरायला लागतात आणि दोष माशांना दिला जातो.

कुत्र्याचं पिल्लू ८ आठवड्यांहून लहान घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. निवाऱ्यातून दत्तक घेतलेल्या मोठ्या प्राण्याचं लसीकरण आणि नसबंदी बऱ्याचदा झालेली असते, त्यामुळे पहिलं पाकीट हलकं होतं. दत्तक घेणार असाल तर हे कागद मागून घ्या.

पिल्लू आल्यावर पहिले दोन आठवडे हातात वेळ नसेल, तेव्हा गिऱ्हाइकांना आधीच तसं सांगून ठेवा. आणि जे बाहेरचे कुत्रे फिरवतात त्यांनी एक गोष्ट पाळायची: पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू बुटांना आणि हातांना चिकटून घरात येतो. पिल्लाचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या कामाचे बूट दाराबाहेर ठेवा, हात साबणानं धुवा, कपडे बदला आणि मगच त्याला उचला.